डावीकडचा भार

त्या सकाळी शिडी चढून ते वर पोहोचले, तर त्यांच्या खुर्चीत दुसरंच कोणीतरी बसलेलं.

टॉवर क्रेनची केबिन ती केवढी! एक माणूस बसला की दुसऱ्याने पोट आत घेऊन उभं राहायचं. खुर्चीत चाळिशीच्या एक बाई होत्या. डोक्यावर कोरं करकरीत हेल्मेट, दातांत धरलेला स्क्रूड्रायव्हर आणि चेहरा पांढराफटक. खाली बघायचं त्या कटाक्षाने टाळत होत्या.

"माझी जागा आहे ती," ते म्हणाले.

बाईंनी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. "माहीत आहे काका. एवढी पट्टी बसवते आणि उठते. उठता आलं तर."

त्यांना हसू आलं, पण ते त्यांनी मिशीतच ठेवलं.

साइटवर त्यांना सगळे 'वरचे' म्हणत. दिवसभर आभाळात बसणारा माणूस, म्हणून वरचे. "आज माल कधी चढणार?" असं कोणी विचारलं की खालची माणसं वर बोट करत आणि म्हणत, "वरच्यांची इच्छा!" वरच्यांनाही हे नाव आवडायचं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी उंचावर काढली होती. शिडी चढताना आता गुडघे कुरकुरत, पण एकदा खुर्चीत बसून दोन्ही हात लिव्हरवर ठेवले की गुडघे, वय, घरची कटकट, सगळं खालीच राहायचं. या खेपेला एका मोठ्या हॉस्पिटलची इमारत चढत होती. काँक्रीटच्या तयार भिंती ट्रकवरून उचलायच्या आणि मजल्यावर नेमक्या जागी उभ्या ठेवायच्या, हे त्यांचं काम.

बाई विद्यापीठातल्या संशोधक होत्या. गादीखालची पट्टी हृदयाचे ठोके आणि श्वास टिपणार होती. काचेच्या वर शर्टाच्या बटणाएवढा कॅमेरा होता, तो पापण्या आणि बुबुळं बघणार. त्याच्या शेजारचा दुसरा म्हणे नाकाच्या शेंड्याचं तापमान मोजणार.

"नाकाचं?" वरचे म्हणाले.

"डोक्यावर कामाचा ताण वाढला की नाकाचा शेंडा जरा गार पडतो. आपल्याला कळतही नाही." बाई आता धीटपणे बोलू लागल्या होत्या. "अंगाला काही चिकटवायचं नाही, वायरी लावायच्या नाहीत. क्रेनने किती वजन उचललं ते यंत्र सांगतं. तुमच्या डोक्याने किती उचललं, ते कोणीच मोजत नाही. मला ते मोजायचंय."

"आणि ते दिसणार कोणाला?"

"मला. आणि तुम्ही मागितलं तर तुम्हाला. कंपनीला सगळ्या ऑपरेटरांचं मिळून एकत्र काय ते कळेल. कोणाचं नाव जाणार नाही. शब्द देते."

वरच्यांनी मान डोलावली, पण विश्वास कुठला बसायला! कंपनीने एवढा खटाटोप केला तो काय कंपनीला काही कळू नये म्हणून? म्हाताऱ्या ऑपरेटरांना हळूहळू घरी बसवणार, अशी कुजबुज साइटवर आधीपासून होतीच. आता ती खुर्चीतच येऊन बसली होती.

खाली सिग्नल द्यायला त्यांचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. माल कुठे न्यायचा, किती सोडायचा, कुठे थांबायचं, हे तो वॉकीटॉकीवर सांगायचा आणि हातानेही खुणा करायचा. माणूस कामात चोख, पण जिभेला हाड नाही. नाकाची गोष्ट कळल्यावर त्याने वॉकीटॉकीवरच सुरू केलं, "भावोजी, आता नाकावर राग ठेवायचीसुद्धा सोय राहिली नाही तुमची!"

"काम कर," वरचे म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा तुटक निघाला.

त्या दिवसापासून त्यांचं चित्त थाऱ्यावर राहीना. पट्टीला फसवायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. श्वास मुद्दाम लांब घ्यायचा. आठवायचं तर शांत पाणी, हिरवं कुरण असलं काहीतरी आठवायचं. एकदा श्वासाकडे लक्ष देण्याच्या नादात भिंत ठरल्या जागेच्या पुढे गेली आणि मेहुणा ओरडला, "भावोजी, डुलकी लागली का?" त्यांच्या कपाळावर घाम आला. बटणाएवढा कॅमेरा त्यांच्याकडे बघत होता. हाही घाम त्यात गेला असणार, असं वाटून त्यांना आणखी घाम आला.

घरीही तेच. बायकोचं कपडे दुरुस्त करून देण्याचं छोटं दुकान होतं. संध्याकाळी दोघं बरोबरच घरी पोहोचायची. जेवताना त्यांच्या डाव्या हाताशी ठेवलेला पेला कोपर लागून आडवा झाला आणि पाणी बायकोच्या मांडीवर गेलं. त्या आठवड्यात हे दुसऱ्यांदा होत होतं. सकाळी दाराच्या चौकटीवर खांदा आपटला होता, तोही डावाच.

"अहो, लक्ष कुठे असतं तुमचं?"

"त्या पट्टीने डोकं खाल्लंय माझं."

"पट्टी बसायच्या आधीपासून धडपडताय तुम्ही. मी बघतेय."

"तूही कॅमेरा लाव मग!" ते कडाडले आणि ताटावरून उठले. बायकोने पाणी पुसलं आणि पेला त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला. पुन्हा भरून ठेवलेला तो पेला बघून त्यांना स्वतःचीच लाज वाटली, पण माघारी फिरून बसायचं काही त्यांच्याकडून झालं नाही.

काही दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत बाईंनी त्यांना साइटच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या खोलीत बोलावलं. आत त्यांचं टेबल आणि संगणक होता. बाईंनी दार लावून घेतलं. संपलं, असं वाटलं त्यांना. आता गोड शब्दांत घरी जायला सांगतील.

"काका, तुमच्याबद्दल मला एक कोडं पडलंय," बाई म्हणाल्या. "सगळ्यात जड भिंत तुम्ही समोर नेता, तेव्हा तुमचं हृदय असं चालतं जणू तुम्ही बागेत बसलायत. उजवीकडे नेता, तेव्हाही तेच. पण डावीकडे वळलात की ताण एकदम चढतो. हुक रिकामा असला तरी चढतो. आधी वाटलं पट्टी बिघडली, म्हणून बदलली. मग वाटलं ऊन डोळ्यांवर येत असेल. पण ढगाळ दिवशीही तसंच."

"तुमचं यंत्रच खुळं आहे."

"असेलही. डावीकडे काही त्रास होतो का? मान दुखते? भीती वाटते?"

"भीती?" ते ताडकन उठले. "मॅडम, तुमच्या जन्माआधीपासून मी..." हिशेब जुळत नाही हे लक्षात येऊन ते थांबले. "मला डावी-उजवी सगळी सारखीच. आणि हे तुम्ही वर सांगणार असाल तर आत्ताच सांगा. मी आपणहून हेल्मेट काढून ठेवतो."

"मी कोणाला सांगणार नाही. शब्द दिलाय," बाई म्हणाल्या. "पण काका, मला याची काळजी वाटते. शब्द दिला नसता तर बरं झालं असतं, असंही वाटतं. एवढंच सांगायचं होतं."

ते दार आपटून बाहेर पडले. शिडी चढताना मात्र ते वाक्य त्यांच्या मागोमाग पायरी पायरी वर येत होतं. रागावलेल्या माणसाला उत्तर देता येतं. काळजी करणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यायचं?

त्याच दुपारी इमारतीच्या डाव्या अंगाची शेवटची भिंत चढवायची होती. खिडकीसाठी मधे भलंमोठं भोक ठेवलेली, अंगाने रुंद, त्यामुळे वाऱ्याला हमखास सापडणारी. सुपरवायझरने घाई लावली होती, कारण संध्याकाळी वारा वाढणार होता. केबिनमधला वाऱ्याचा काटा अजून हिरव्यात होता, पण सारखा थरथरत होता.

"घ्या भावोजी, सावकाश," वॉकीटॉकीत मेहुण्याचा आवाज आला. "मी मजल्यावर आलोय, डाव्या कडेला."

भिंत ट्रकवरून सुटली. वरच्यांनी ती हळूहळू चढवली आणि क्रेनचा लांबलचक हात डावीकडे फिरवायला घेतला. आता त्यांचं स्वतःकडे लक्ष गेलं. इतकी वर्षं कधी गेलं नव्हतं. जबडा आवळला होता. मान एकसारखी पुढे-मागे होत होती, कोंबडीची व्हावी तशी. लिव्हरवरची बोटं पांढरी पडली होती. समोर माल असताना हीच बोटं कशी सैल असतात! बाईंचं यंत्र खुळं नव्हतं तर.

वॉकीटॉकीत खरखर झाली. मेहुणा म्हणत होता, "आता जरा..." आणि आवाज तुटला.

"काय जरा? ऐकू येत नाही. बोल."

काहीच नाही.

त्यांनी हात आखडता घेतला, पण एवढं वजन थांबवलं म्हणून जागच्या जागी थोडंच थांबतं! भिंत आपल्या जोराने पुढे सरकत राहिली. त्यांनी मजल्याची कड बघितली. कड रिकामी होती. मेहुणा कुठे गेला? एरवी त्यांनी गृहीत धरलं असतं की वाट मोकळी आहे, आणि माल पुढे घेतला असता. आज कशाने कोण जाणे, त्यांनी मान पूर्ण वळवली. अगदी खांद्यावर हनुवटी टेकेपर्यंत.

आणि रिकाम्या जागेतून मेहुणा उगवला.

तो तिथेच होता. दोन्ही हात डोक्यावर फडकवत 'थांबा, थांबा' करत होता. भिंतीची खालची कड त्याच्या छातीच्या उंचीवरून त्याच्याकडे येत होती, आणि मागे सरकायला त्याला जागा नव्हती. पाठीमागे परांची होती आणि तिच्यापलीकडे नुसती हवा.

वरच्यांनी भिंत वर उचलली. झटका दिला असता तर ती झोक्यासारखी उलटी आली असती. लोणी कापावं इतक्या हळुवार हाताने त्यांनी ती उचलली, आणि प्रत्येक क्षणाला त्यांना वाटत होतं, की आपण उशीर करतोय. भिंत मेहुण्याच्या हेल्मेटवरून गेली. तो खाली बसला होता. भिंत पलीकडे झुलली, परत आली, पुन्हा झुलली. ते तिच्या झुलण्याबरोबर क्रेनचा हात सरकवत राहिले. हळूहळू ती निवली.

आता त्यांनी एक गोष्ट केली. लिव्हर मोकळे सोडले आणि तळहाताने उजवा डोळा झाकला.

भिंत नाहीशी झाली. नुसती भिंतच नाही, हुक गेला, मजला गेला, डाव्या बाजूचं सगळं जग गेलं. मधोमध वितीएवढं काहीतरी उरलं होतं, नळीतून बघावं तसं. हात काढला, सगळं परत आलं. पुन्हा झाकला. पुन्हा गेलं.

म्हणजे इतके दिवस ते डावीकडे बघत नव्हतेच. अंदाज बांधत होते. एका डोळ्याने मिळेल ते उचलायचं, मानेने गोळा करायचं आणि उरलेलं डोक्याने भरून काढायचं. हे सगळं ते करत होते आणि त्यांनाच त्याचा पत्ता नव्हता.

वाऱ्याचा काटा पिवळ्यात गेला. एवढी जड भिंत हवेत लोंबकळत होती, ती खाली उतरवल्याशिवाय सुटका नव्हती. ट्रक तर केव्हाच हलला होता. मोकळी जागा होती ती डावीकडच्या आवारात. अगदी डावीकडे.

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरली. "भावोजी! भावोजी, ऐकू येतंय का? माझ्या मशीनने मान टाकली होती. मॅडम दुसरं घेऊन धावत आल्या."

बाईंनी त्यांच्या खोलीत आकडे चढताना पाहिले होते आणि वॉकीटॉकीवर वरच्यांचं 'ऐकू येत नाही' हेही ऐकलं होतं. कोणाला काही सांगायचं नाही, असा त्यांचा शब्द होता, आणि कोणाला काही न सांगता त्या टेबलावरचा वॉकीटॉकी उचलून धावत सुटल्या होत्या. काय बिघडलंय ते त्यांनाही माहीत नव्हतं. आपल्याकडून कोणाला काही मदत होणार असेल तर ती एवढीच, असं त्यांना वाटलं, हे त्यांनी वरच्यांना नंतर सांगितलं.

"लागलं का तुला?" वरच्यांनी विचारलं.

"नाही. पण तुमच्या बहिणीने... नाही, माझ्या बहिणीने तुम्हाला घरात घेतलं नसतं आज!" मेहुण्याला हसायचं होतं, पण त्याचे दातच वाजत होते.

वरच्यांनी बटण दाबलं. त्या वाहिनीवर सुपरवायझर होता, दुसऱ्या क्रेनचा ऑपरेटर होता, सगळी साइट होती. त्यांना ते माहीत होतं.

"ऐक. मला डावीकडचं दिसत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे दिसत नाही. डावा डोळा गेलाय माझा. आवार रिकामं करायला सांग. तू डावीकडच्या कोपऱ्यात उभा राहा आणि बोलत राहा. मी जे करतोय ते तुला दिसेल, तुला जे दिसतंय ते मला सांग. एक क्षण गप्प बसू नकोस. नाहीतरी तुला गप्प बसणं कुठे जमतं!"

"नाही बसत," मेहुणा म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज एकदम स्थिर झाला.

तो धावत खाली आवारात उतरला आणि बोलत राहिला. "डावीकडे, अजून, अजून... वारा येतोय, थांबा... गेला. आता खाली. मी कोपऱ्यातल्या झाडापाशी आहे, भिंत माझ्यापासून लांब आहे. खाली. उजवं टोक जरा पुढे येतंय, येऊ द्या. खाली." वरचे समोर बघत होते आणि कानांनी डावीकडे चालले होते. घाम डोळ्यांत उतरत होता, तो पुसायला हात मोकळा नव्हता. कोणीतरी आवाराचं फाटक लावत होतं. बाकी साइटवर शुकशुकाट होता. सगळी यंत्रं बंद करून माणसं वर बघत उभी होती.

"टेकली," मेहुणा म्हणाला. "भावोजी, टेकली."

हुक सुटला तरी वरचे बराच वेळ उठले नाहीत. मग शिडी उतरू लागले, आणि मधल्या फळीवर थोडं बसले. खाली सुपरवायझर तोंडसुख घ्यायच्या तयारीत उभा होता. त्यांचा चेहरा बघून त्याने पाण्याची बाटली पुढे केली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितला. डोळ्यातला दाब वाढत जातो, कडेकडेने नजर मरत जाते, दुखत नाही, खुपत नाही, आणि चांगला डोळा दुसऱ्याचं पाप झाकत राहतो. गेलं ते परत येणार नव्हतं. राहिलंय ते थेंबांनी टिकवता येईल, उजव्या डोळ्यालाही सुरुवात झालीय, पण वेळेवर आलात, असं त्या म्हणाल्या. क्रेन मात्र विसरा.

बायकोनेच विचारलं, "आधी आले असते तर?"

"तर अजून वाचला असता. पण आधी येणार कसे? त्यांना काही होतच नव्हतं ना."

घरी येताना बायको त्यांच्या डाव्या बाजूने चालली. रस्ता ओलांडताना तिने त्यांचा दंड धरला. त्यांनी झटकला नाही.

कंपनीने त्यांना खाली काम दिलं, सिग्नलवाल्यांना शिकवायचं. पगार थोडा कमी, पण काम होतं. त्यांच्या खुर्चीत तरणा ऑपरेटर आला. पहिले काही दिवस ते वर बघायचेच नाहीत. मेहुणा त्यांना मुद्दाम काहीबाही विचारायचा आणि ते मुद्दाम चिडायचे. दोघांनाही बरं वाटायचं.

बाईंच्या कामावर मात्र संक्रांत आली. 'पट्टीने वरच्यांची खुर्ची खाल्ली,' अशी हाकाटी साइटवर पसरली. दुसऱ्या क्रेनचा ऑपरेटर, जाडजूड मानेचा, तापट माणूस, त्याने तर गादीखालून पट्टी उपटली आणि बाईंच्या टेबलावर नेऊन आदळली. वरच्यांना हे कळलं तेव्हा ते त्याला गाठायला गेले.

"खुर्ची पट्टीने नाही खाल्ली," ते म्हणाले. "मी स्वतः वॉकीटॉकीवर बोललो. सगळ्यांनी ऐकलं, तूही ऐकलंस."

"तुमच्या डोक्यात भरवलं त्या बाईने!"

"माझ्या मेहुण्याची छाती आणि ती भिंत, यांच्यात एवढंच अंतर होतं," वरच्यांनी हात पसरून दाखवला. "ते कोणी माझ्या डोक्यात भरवलेलं नाही."

"तुमचं ठीक आहे हो. तुम्हाला खाली काम मिळालं. मला कोण देणार?"

"ते मला माहीत नाही," वरचे म्हणाले. तो माणूस पाठ फिरवून निघून गेला. वरचे तसेच बाईंच्या खोलीत गेले. टेबलावर उपटलेली पट्टी पडली होती, तिची एक वायर तुटली होती.

"मॅडम, तुमचा शब्द तुम्ही पाळलात," ते म्हणाले. "पण नुसत्या शब्दावर माणूस खुर्चीत बसत नाही. पट्टीत काही निघालं म्हणून कोणाला घरी बसवणार नाही, असं कंपनीकडून लिहून घ्या. मग मी येतो तुमच्याबरोबर, एकेकाशी बोलायला."

बाईंनी तुटलेली वायर हातात घेतली. "देतील का ते?"

"विचारल्याशिवाय कसं कळणार?"

कंपनीने अजून लिहून दिलेलं नाही. बाईंच्या खेपा चालू आहेत.

मात्र मागच्या रविवारी वरच्यांच्या दारावर टकटक झाली. बायकोने दार उघडलं. बाहेर तो जाड मानेचा ऑपरेटर उभा होता, धुतलेल्या शर्टात, चपला आधीच काढून ठेवलेल्या. आत यायला तयार होईना. बायकोने बसा म्हटलं तरी उंबऱ्यातच घुटमळत राहिला.

वरचे बाहेर आले तेव्हा त्याने आधी घरच्या पाण्याबद्दल विचारलं, मग उन्हाळ्याबद्दल. मग मान खाली घालून म्हणाला, "तुमच्या त्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई कुठे बसतात?"

वरच्यांनी पायांत चपला सरकवल्या. "चल, मीच घेऊन जातो," ते म्हणाले.